दिग्दर्शन पाठ

मूल्यशिक्षणाचा तास शाळेत सहसा कुणालाच नको असतो. गणिताच्या सरांकडे तो गेला की ते त्यात राहिलेली गणितं सोडवून घेतात, आणि मुलंही तक्रार करत नाहीत. मी मात्र तो मागून घेतला होता. मी मराठी शिकवायचे, गोष्ट सांगायची हातोटी होती, आणि या तासाला परीक्षा नसल्यामुळे मुलं माझ्याकडे निवांत बघत बसायची, ते मला आवडायचं. कोल्हापुरातली मध्यम वस्तीतली शाळा, मुलं-मुली एकत्र. सांगतेय ते दहा-अकरा वर्षांपूर्वीचं.

माझं माहेर बिद्रीजवळचं. वडील साखर कारखान्यात कामाला, घरची थोडी शेती. देव्हाऱ्यात टाक होते, आई ते सणासुदीला चिंचेनं घासून लख्ख करायची. पण देवाबद्दल आमच्या घरी कुणी बोलत नसे. जे करायचं ते करायचं, एवढंच. 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द मी बी.एड.ला असताना वहीत उतरवून घेतला आणि तो मला फार मोठा वाटला. नोकरीत स्थिरावल्यावर मी त्याचा एक उपक्रमच केला. प्रत्येक मुलानं आपल्या घरातल्या श्रद्धेची एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलायची. एका मुलीनं जोतिबाच्या गुलालाची पुडी आणली. एका मुलानं आजोबांची तसबीह, म्हणजे जपमाळ, आणली आणि तिचे मणी अख्ख्या वर्गाकडून मोजून घेतले. जैन घरातला एक मुलगा चक्क पाणी गाळायचं फडकं घेऊन आला. म्हणाला, "आमच्यात पाण्यातल्या जीवाला पण जपत्यात." वर्ग हसला, मग गप्प झाला. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, आपल्याला शिकवता येतं.

उपक्रमाची बातमी वरपर्यंत गेली. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, याचा दिग्दर्शन पाठ द्यायचा. म्हणजे तास आपल्याच वर्गावर घ्यायचा, पण पाठीमागे इतर शाळांतले पंचवीस-तीस शिक्षक वह्या घेऊन बसणार आणि पुढच्या खुर्चीवर एक अधिकारी. "शाळेचं नाव निघालं पाहिजे बाई," मुख्याध्यापक म्हणाले. पुढचे पंधरा दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आठवीच्या त्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. बारीक अंगाची, दोन वेण्या, पण आवाज असा की मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ जायचा. वक्तृत्व स्पर्धेसाठी मी तिला तयार करायचे. दोन ढाली तिनं शाळेला मिळवून दिल्या होत्या. लिंगायत घर. घरात कन्नड, बाहेर मराठी. आईला अव्वा म्हणायची, आजोबांना अज्जा. वडील लहानपणीच गेले होते. आजोबांचं गूळ मार्केटजवळ बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान होतं, आणि त्याच्याच माडीवर घर. तिच्या गळ्यात पांढरा दोरा असे, दोऱ्याला लहानशी चांदीची डबी, गणवेशाच्या आत. डबीत इष्टलिंग. भाषणाचा सराव करताना तिचा डावा हात नकळत त्या डबीवर जायचा. दर वेळी मी तो खाली घ्यायला लावायचे. "हात बाजूला. बोलताना हात मोकळे ठेवायचे."

उपक्रमात तिनं विभूतीची वडी आणली होती. पण दिग्दर्शन पाठ म्हटल्यावर मला ती डबी आठवली. देवळात नाही, देव्हाऱ्यात नाही, अंगावर वागवलेला देव. एवढं बोलकं उदाहरण माझ्या वर्गात दुसरं नव्हतं. मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं.

"तुझ्या गळ्यातलं त्या दिवशी दाखवशील का?"

तिचा हात गणवेशावरून डबीवर गेला. मग म्हणाली, "अव्वाला इचारतो बाई." आमच्याकडच्या मुली येतो, जातो असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. "अव्वा नको म्हणाली. ते अंगावरनं काढत न्हाईत. दुसऱ्यानं हात लावायचा नसतोय."

"काढायचं कुठं म्हणतेय मी? डबी नुसती वर घेऊन दाखव. हात कोण लावणार आहे?"

"अज्जांना कळलं तर?"

"चांगल्याच कामासाठी आहे ना. त्यांना अभिमान वाटेल."

ती 'व्हय' म्हणाली. मी तिची बाई होते. तिनं दुसरं काय म्हणायचं होतं?

पाठाच्या दिवशी सगळं मनासारखं चाललं होतं. गुलाल झाला, तसबीह झाली, फडकं झालं. पाठीमागे शिक्षक लिहून घेत होते. मग ती उठून पुढं आली आणि गळ्यातली डबी वर काढून तळहातावर धरली. दोरा गळ्यातच होता. "हे इष्टलिंग," ती म्हणाली. "आमी देवळात न्हाई गेलो तरी चालतंय. देऊळ आमच्या अंगावरच असतंय." तो आवाज, ती वाक्यं. खोलीत कुणी हललं नाही.

अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांना मनापासून आवडलं होतं. त्यांनी खुर्चीतूनच हात पुढं केला. "बघू, बघू. इकडं आण बाळ."

ती माझ्याकडे बघायला लागली.

त्यानंतरचा वेळ थोडा नव्हता. इतक्या वर्षांत मी तो पुष्कळदा मोजून बघितलाय. 'साहेब, ते अंगावरून काढत नाहीत' एवढं वाक्य म्हणायला तो पुरला असता. किंबहुना तोच त्या पाठाचा सगळा अर्थ होता, आणि तो सांगायला मला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. मी मान हलवली. दे, अशी.

तिनं दोरा डोक्यावरून काढायला घेतला. तो एका वेणीत अडकला. मी पुढं होऊन तो सोडवला.

साहेबांनी डबी उघडली. आतलं लिंग काढून तळहातावर घेतलं. काळं, गुळगुळीत, जांभळाएवढं. शेजारच्या केंद्रप्रमुखांना दाखवलं, त्यांनी ते चिमटीत धरून उजेडाकडे केलं. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. आणखी एका हातात गेलं. मग डबीत बसवून माझ्याकडे परत आलं. डबी अजून कोमट होती. कुणाच्या तरी अंगातला एखादा भाग काढून माझ्या हातात ठेवावा, तसं मला क्षणभर वाटलं. मी घाईघाईनं दोरा तिच्या गळ्यात घातला. ती सगळा वेळ डावा हात छातीशी धरून उभी होती, जिथं डबी नव्हती तिथं.

टाळ्या झाल्या. पोहे आणि चहा झाला. मुख्याध्यापक खूष होते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्या गल्लीतली एक मुलगी हजेरीच्या वेळी म्हणाली, "बाई, ती जेवत न्हाई म्हणं." शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या घरी गेले.

खाली दुकानात पोत्यांच्या थप्प्या, तागाचा कोरडा वास, आणि बाजूनं माडीवर जाणारा लाकडी जिना. वर आजोबा चटईवर बसले होते. पांढरं धोतर, कपाळभर विभूती. मला बघून ते उठले.

"या बाई, बसा की." मग आत बघून म्हणाले, "पाणी आणा."

आई पाणी घेऊन आली. तिच्यामागून मुलगी आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. डोळे खोल गेले होते. पुढं आली नाही.

आजोबा म्हणाले, "दोन दिवस झालं, पोटात काय न्हाई तिच्या. खा म्हणलं तर म्हणती, लिंग परक्याच्या हातात गेलं, मी कशी खाऊ? मग मी पण तसाच बसलोय. नात उपाशी, मला तरी घास कसा उतरंल? मठातल्या स्वामींना सांगावा धाडलाय. ते येतील आता, पूजा करून बांधतील. मग जेवू दोघं."

मी म्हणाले, "अज्जा, त्या दिवशी—"

त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या. तुमचा काय दोष? तिनं सांगितलंय आम्हाला. हिची आई नको म्हणाली म्हणल्यावर तुम्ही पण नको नको म्हणत हुता, हिनंच काढून दिलं. चार माणसांत पुढं पुढं करायची सवय लागलीया. अंगावरचं लिंग म्हंजे मिरवायची वस्तू हाय व्हय?"

मी दाराकडे बघितलं. ती सरळ माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं, राग नव्हता. नुसती बघत होती. हातातला स्टीलचा पेला मी खाली ठेवला, तो फरशीवर जरा जोरात वाजला.

"बाई, तुमी मनाला लावून घिऊ नका," आई म्हणाली. "इतक्या लांब आलासा, तेच लई झालं."

मी म्हणाले, "लहान आहे. समजून घ्या."

एवढंच म्हणाले. ज्या बाईनं मुलांना खरं बोलायला शिकवायचं, त्या बाईनं.

आजोबांनी मान डोलावली. "समजूनच घेतलंय. शाळा सोडवणार न्हाई. पण ते भाषणबिषण आता बंद. स्टेजवर चढायचं न्हाई."

"आवाज फार चांगला आहे हो तिचा."

"आवाज घरात पण लागतोय की," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून कन्नडमध्ये एक वाक्य बोलले. ती 'हूं' म्हणाली आणि आत गेली. ते वाक्य काय होतं ते मला कळलं नाही. विचारायचं धैर्यही झालं नाही.

खाली येऊन मी गाडीवर बसले आणि किल्ली न फिरवता तशीच बसून राहिले. जिना चढून परत वर जायला फार वेळ लागला नसता. मी मनाशी म्हणत होते, आता स्वामी येतील, आज ती जेवेल, आत्ताच कशाला गोंधळ? पुढच्या आठवड्यात येऊन आजोबांना नीट सांगू. खरं कारण दुसरं होतं. आईनं नको म्हटलेलं असताना मी मुलीला भरीस घातलं, हे उघड झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी आजोबा मुख्याध्यापकांच्या खोलीत आले असते. तो पुढचा आठवडा आलाच नाही.

ती शाळेत येऊ लागली. दोरा आता आखूड केलेला होता, डबी वर गळ्यापाशीच बसायची. अभ्यास पहिल्यासारखाच. मला 'नमस्ते बाई' पहिल्यासारखंच. फक्त माझ्या तासाला तिनं हात वर केला नाही. वर्षभरात एकदाही नाही. मी विचारलं तर उभी राहून उत्तर द्यायची, तेही इतक्या हळू की मागून मुलं ओरडायची, "ऐकू येत न्हाई."

मडकं फोडून ते कबूल करणाऱ्या मुलाची एक गोष्ट मी दरवर्षी सांगायचे. त्या वर्षी निम्म्यात आले आणि दुसऱ्या बाकाकडे नजर गेली. पुढचं आठवेना. मी पाणी प्यायले, फळा पुसला, आणि मुलांना धड्याखालचे प्रश्न सोडवायला लावले. नंतर उंचीचं निमित्त काढून मी वर्गाची बाकं बदलली. ती अगदी मागं गेली, खिडकीजवळ. त्याचा उलटाच परिणाम झाला. पूर्वी ती पुढं होती तेव्हा मला नजर चुकवता यायची. आता वर्गावर नजर टाकली की शेवटी ती तिच्यापाशीच जाऊन थांबायची.

दहावी होऊन ती गेली. तिचं बाक मात्र गेलं नाही. तिथं दरवर्षी दुसरं कुणीतरी बसतं, आणि एखाद्या दुपारी एखादी मुलगी डावा हात छातीशी नेते. ओढणीची पिन नीट करत असते, नाहीतर उगीच खाजवत असते. माझं वाक्य तिथंच तुटतं. मुलांना आता सवय झालीय. "बाई इसरल्या," असं कुणीतरी हळूच म्हणतं.

ती दहावीत असतानाच एकदा मी मनाचा हिय्या करून गूळ मार्केटला गेले होते. दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, "म्हातारा गेला की. पंधरा दिवस झालं." मी तिथूनच परत फिरले. शाळेत ती एक दिवसही गैरहजर नव्हती, निदान मला तसं आठवत होतं. हजेरीपट काढून बघितला, तर चार दिवस लाल फुल्या होत्या. त्या मीच मारलेल्या होत्या.

गेल्या वर्षी साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा तपासायला सांगितला. मी राजारामपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून आधी डोळ्यांत औषध घालतात. मी खुर्चीत बसले. पांढरा कोट घातलेली कुणीतरी मागून आली.

"डोकं मागं टेकवा. वर बघा." थेंब पडला, झोंबला. "आता डोळे मिटून बसा. अर्धा तास उघडायचं न्हाई. मधनं मधनं औषध घालायला येतो मी."

आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. तीच म्हणाली, "बाई, वळखलं न्हाई व्हय मला?"

"ओळखलं," मी म्हणाले.

ती हसली असावी. मिरजेला कोर्स केला, म्हणाली, इथं दोन वर्षं झाली. अव्वा बरी आहे, लग्न ठरतंय. मग दुसऱ्या पेशंटकडे गेली. मी डोळे मिटून बसले. मिटल्या डोळ्यांपुढे ती आठवीतलीच उभी होती.

दुसऱ्यांदा औषध घालायला आली तेव्हा मी म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या घरी मी खरं सांगायला पाहिजे होतं."

"वर बघा," म्हणाली. थेंब पडले. मी डोळे मिटले.

"माझ्यामुळं तुला खोटं बोलायला लागलं."

"तुमच्यामुळं न्हाई बाई." शेजारचं स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती बसली. "अज्जांच्या डोक्यात मला हुक्केरीला मामाकडं धाडायचं हुतंच. ही शाळा चांगली न्हाई असं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी धाडलं असतं. मग मीच ठरवलं, आपल्यावर घ्यायचं. शाळा तरी ऱ्हाईल."

"म्हणजे मी बोलले असते तर..."

"तर गेलोच असतो हुक्केरीला."

इतकी वर्षं उरावर असलेलं काहीतरी हललं, असं मला वाटलं. मी मोठा श्वास घेतला. ती पुढं बोलत होती, आवाज शांत, कुणाची तरी हकिकत सांगावी तसा.

"पण तवा मला म्हाईत न्हवतं तुम्ही गप बसणार म्हणून. मी दारात भिऊन थांबलो हुतो. मला वाटलं, बाई आता खरं सांगणार आणि माझं सगळं गेलं. तुम्ही शिकवायचासा तसंच करणार, असं वाटत हुतं मला. मग तुम्ही म्हणालासा, लहान आहे, समजून घ्या. तवा कळलं. मोठ्या माणसांचं पण असंच असतंय. गप बसलं की निभतंय. लई उपयोग झाला बाई त्याचा."

"कुठं?"

"हॉस्टेलला. हितं. सगळीकडंच."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. गालावर काहीतरी ओघळलं, ते तिनं कापसानं टिपलं. "औषध हाय. पुसू नका हातानं."

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "तुझ्या अव्वाला भेटून सांगू का मी?"

"नको," ती लगेच म्हणाली. "अज्जांचं आता तिला सगळं चांगलंच आठवतंय. कशाला त्यात हात घालायचा?"

मग तिनं मला डोळे उघडायला सांगितले. समोर सगळा उजेडच उजेड. पांढरा कोट दिसत होता, त्याच्या वर चेहऱ्याच्या जागी एक फिकट डाग. मी बघायचा फार प्रयत्न केला. तिनं माझ्या दंडाला धरून मला डॉक्टरांच्या खोलीपर्यंत नेलं, खुर्चीत बसवलं आणि ती गेली. तपासणी होऊन बाहेर आले तेव्हा तिची जेवायची सुट्टी झाली होती.

पुढच्या आठवड्यात मी मुख्याध्यापिकांकडे गेले, हा तास दुसऱ्या कुणाला द्या म्हणाले. आता नवीन मुख्याध्यापिका आहेत. त्या म्हणाल्या, "तुमच्याइतकं चांगलं कोण घेणार बाई? निवृत्तीपर्यंत दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे." तास माझ्याकडेच राहिला.

गेल्या सोमवारी आठवीला प्रामाणिकपणाचा पाठ होता. मडक्याची गोष्ट मी कधीच सोडून दिलीय. त्या दिवशी मी ठरवून गेले होते. मुलांना म्हणाले, एका शाळेत एक बाई होत्या. पाठाचा दिवस सांगितला, दोरा वेणीत अडकला ते सांगितलं, जिना चढून गेल्या आणि मुलीनं सगळं आपल्यावर घेतलं तेव्हा गप्प बसल्या, ते सांगितलं. वर्ग इतका शांत मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

एक मुलगा म्हणाला, "बाई वाईट न्हवत्या की. भ्याल्या हुत्या नुसत्या."

त्याच्या पुढच्या बाकावरची मुलगी मागं वळली. "पोरगी पण भ्याली हुती. तरी ती बोलली की."

"खोटं बोलली."

"पण बोलली."

दोघांची बराच वेळ जुंपली आणि अर्धा वर्ग त्यात पडला. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते. आता सांगायचं, असं मनाशी चाललं होतं. ओठापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात मघाची मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, ही शाळा कुठली?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

"लांबची," मी म्हणाले.